हळदीखालचा पट्टा

कापसाचा बोळा लाल झाला आणि माझा हात जिथल्या तिथे थांबला.

नवरात्राची सातवी माळ होती, दुपारचे तीन वाजले होते. टेबलावर वर्तमानपत्र पसरलेलं, त्यावर वीतभर लांबीचा पत्र्याचा खेळण्यातला आगगाडीचा डबा आणि शेजारी वाटीत साबणाचं पाणी. डब्यावर एकवीस वर्षांची हळद होती, थरावर थर चढलेली. त्या हळदीत मी बोळा फिरवला होता, फार नाही, नखाएवढ्या जागेत. बोळा पिवळा व्हायला हवा होता. तो लाल झाला.

हळदीखाली लाल रंग असेल, तर ह्याच डब्याच्या शोधात मी अकरा वर्षं होते. आणि तो रंग सुटून बोळ्यावर येत असेल, तर ज्या बाईने डबा विश्वासाने माझ्या हाती दिला, तिची वस्तू मी नासवत होते. पुसणार नाही असा शब्द देऊन मी तो आणला होता.

हे कसं झालं ते नीट सांगते. १९९८ सालची गोष्ट आहे.

नाशकात प्राथमिक शाळेवर मी तेहतीस वर्षं काढली, बहुतेक चौथीच्या वर्गावर. शाळेच्या कपाटात कुणीतरी दिलेली किल्लीची दोन पत्र्याची इंजिनं होती. ती टेबलावर शेजारी शेजारी ठेवून मी मुलांना म्हणायची, "फरक शोधा. हात लावायचा नाही." पहिली पाच मिनिटं "बाई, सारखीच आहेत" असा गलका व्हायचा. मग एखादी मुलगी मान तिरकी करून म्हणायची, "बाई, ह्या ड्रायव्हरला मिशी आहे. त्याला नाही." त्यानंतर वर्ग गप्प व्हायचा आणि खरं बघणं सुरू व्हायचं.

मुलांना शिकवता शिकवता मलाच नाद लागला. पत्र्यावर छपाई करताना कधी शाई बदलायची, कधी ठसा झिजायचा. मग त्याच गाडीचे चार-सहा डबे निराळे निघायचे आणि नंतर पुन्हा पहिल्यासारखे. अशा निराळ्या गाड्या मी जुन्या बाजारातून, कुणाच्या माळ्यावरून जमवू लागले. मोर छाप नावाच्या मुंबईतल्या एका बंद पडलेल्या छोट्या कारखान्याच्या गाडीचे अकरा प्रकार माझ्याकडे झाले होते. तिच्या डब्याला खिडक्यांखाली निळा पट्टा असतो. कारखान्याच्या एका जुन्या किमतीच्या पत्रकात मात्र 'लाल पट्टा' अशी एक ओळ होती. तो लाल पट्ट्याचा डबा पाहिलेला माणूस मला कुठे भेटला नव्हता.

मुलांना मी एक नियम घालून दिला होता. आधी डोळे, मग तोंड, मग हात. म्हणजे आधी बघायचं, मग विचारायचं, आणि हात लावायचा तो त्यानंतरच. हा नियम शिकवण्यात माझा जन्म गेला.

आदल्या वर्षी खंडेनवमीला मी मनमाडला माझ्या मावसबहिणीकडे, फुलाबाईकडे गेले होते. तिच्या शेजारी नवसाबाई राहायच्या. वय पंचाहत्तरच्या आसपास, नवरा भिमाजी रेल्वेत सांधेवाला, म्हणजे गाडीसाठी रुळांचे सांधे बदलणारा, होता. तो सत्याहत्तर साली वारला. खंडेनवमीला घरोघर हत्यारांची पूजा असते. कुणी विळा-कोयता मांडतं, कुणी शिवणयंत्र, कुणी ट्रक. नवसाबाईंच्या पाटावर पत्र्याची खेळण्यातली गाडी होती, एक इंजिन आणि एक डबा. मुलगा झाला तेव्हा भिमाजीने आणलेली.

"यांचा कंदील, झेंडी, सगळं रेल्वेनं मागून घेतलं," त्या मला म्हणाल्या. "मग पुजायचं काय? घरात रेल्वेचं म्हणून एवढंच उरलं व्हतं."

इंजिनाच्या कपाळाला त्या कुंकू लावायच्या. डब्याला मात्र नुसती हळद, तेलात कालवून, चारही बाजूंनी. पाणी लागलं तर पत्रा गंजेल असं भिमाजीने बजावलं होतं, म्हणून डबा कधी धुतला नाही. दर वर्षीच्या हळदीवर पुढल्या वर्षीची हळद चढत गेली. डब्याची ठेवण, कडेला दुमडलेल्या पत्र्याच्या जिभा, चाकांची बैठक, सगळं मोर छापचं होतं. पट्टा तेवढा हळदीखाली गेला होता.

वर्षभर तो डबा माझ्या डोक्यातून गेला नाही. पुढच्या नवरात्रात, घट बसले त्या दिवशी, मी पुन्हा मनमाडला गेले आणि नवसाबाईंकडे डबा मागितला.

"कशाला पाहिजे तुला?"

"बघायचाय, आक्का. भिंगाखाली, नीट."

"मग इथं बघ की."

"एका दिवसात होत नाही ते. आठ दिवस तरी द्या."

"एका डब्याला आठ दिवस?" त्या फुलाबाईकडे वळून म्हणाल्या, "आमचं माणूस अख्खी मालगाडी घटकाभरात मोजायचं. आणि ही मास्तरीण म्हणं."

फुलाबाई पदर तोंडाला लावून हसली. नवसाबाईंनी डबा धुतलेल्या फडक्यात बांधला. इंजिन दिलं नाही.

"इंजिन घरीच राहील. म्हंजे डब्याला परत यायची आठवण राहील. खंडेनवमीच्या सकाळी हितं पाटावर पाहिजे."

"आणते."

"आणि पुसायचा नाय. त्यांच्या माघारी चढलेली हळद हाय ती."

"नाही पुसणार," मी म्हणाले.

नाशकाला आल्यावर पहिले सहा दिवस मी शब्द पाळला. भिंग लावलं. बॅटरीचा उजेड तिरपा पाडून पाहिला, हळदीला चीर असेल तर रंग दिसेल म्हणून. डब्याच्या पोटात छोटा आरसा सरकवला. आतून पत्र्यावर कुठल्या तरी तेलाच्या डब्याची अर्धी छपाई दिसली. रद्दी पत्रा उलटा करून वापरलेला, तेही मोर छापचंच लक्षण. पण पट्टा बाहेरच्या अंगाला. एका जिभेच्या दुमडीत केसाएवढी गडद रेघ दिसत होती. ती लाल म्हणावी तर लाल होती, काळी म्हणावी तर काळी.

चौथ्या माळेला योगेशचा फोन आला. योगेश माझा जुना विद्यार्थी. भद्रकालीत त्याचं जुन्या वस्तूंचं दुकान आहे, आणि गाड्यांचा नाद त्याला माझ्यामुळेच लागला. डबा आणल्याचं मी त्याला सांगितलं होतं.

"बाई, काय निघालं?"

"काहीच नाही. हळद जाड आहे."

"पुसा ना मग."

"शब्द दिलाय."

"शब्द तर तुम्ही मलाही दिला होता, चौथीत पास करते म्हणून."

"तुझं अक्षर पाहून मोडला तो."

तो हसला, पण फोन ठेवायच्या आधी त्याने खरी गोष्ट सांगितली. पुण्याचे एक गृहस्थ अशा गाड्यांची यादी छापणार होते. पुस्तक दसऱ्यानंतर लगेच छापायला जायचं होतं. लाल पट्ट्याचा डबा खरंच असेल तर त्यात फोटो येईल, आणि खाली माझं नाव. नाहीतर 'असा डबा आढळलेला नाही' असं छापून जाणार. एकदा छापलं की तेच खरं होऊन बसतं.

पाचवी माळ गेली, सहावी गेली. मखमलाबादहून भाऊ झेंडूची टोपली देऊन गेला, ती मी दारातच विसरले. संध्याकाळी गल्लीतली पोरं रोजच्यासारखी माझ्याकडे अभ्यासाला आली तर मी त्यांना पाढे म्हणायला लावून आत भिंग घेऊन बसले. भाग्यश्री नावाची एक चौकस मुलगी आत डोकावली.

"बाई, तुम्ही काय शोधताय?"

"रंग."

"सापडला?"

"नाही."

"मग ज्यांचा आहे त्यांना विचारा ना."

"त्यांना कुठलं ठाऊक असणार," मी म्हणाले, "जा, सतराचा म्हण."

सातव्या माळेला दुपारी घरात कुणी नव्हतं. मी मनाशी हिशेब मांडला. नखाएवढी जागा, तीही पट्ट्याच्या खालच्या कडेला. एवढ्याने काय होतंय. हळदीत तेल आहे, नुसत्या पाण्याने सुटणार नाही, म्हणून कपड्याच्या साबणाचा चुरा पाण्यात विरघळवला. बोळा बुडवला, पिळला, आणि तीनदा फिरवला.

आणि तो लाल झाला.

मी बोळा टाकला नाही, डबाही खाली ठेवला नाही. दोन्ही हात तसेच धरून बसले. डब्याला कुंकू कधी लागलंच नव्हतं. मग लाल आलं कुठून? म्हणजे पट्टा लाल होता आणि सुटत होता. अकरा वर्षं ज्याचा ध्यास घेतला ते सापडलं होतं आणि माझ्याच हाताने पुसलं जात होतं. मला आनंद व्हायचा तो झाला नाही. डोळ्यांपुढे फक्त तो पाट येत होता, नुसतं इंजिन मांडलेला. डब्यावर त्या जागी तांबडा ओला डाग उठला होता. मी सुक्या कापसाने तो टिपायला गेले तर तोही कापूस तांबडा झाला. तिसऱ्यांदा टिपायचा धीर झाला नाही.

हात धुवायला उठले. बोटं हळदीने पिवळी झाली होती. मोरीतल्या साबणाच्या वडीवर ती घासली आणि पाण्याखाली धरणार, तोच ती माझ्या डोळ्यांदेखत लाल झाली.

मी नळ बंद केला. बोटांकडे बघत राहिले.

दर वर्षी चौथीच्या मुलांना मी हळदीच्या कागदाचा प्रयोग दाखवत असे. हळदीत भिजवून वाळवलेला कागद, त्यावर साबणाच्या पाण्याचा थेंब. कागद लाल होतो. त्यावर लिंबू पिळलं की पुन्हा पिवळा. तेहतीस वर्षांत किती कागद लाल केले असतील त्याला गणती नाही. आणि स्वतःच्या घरात, स्वतःच्या हाताने तोच प्रयोग केला तर मला तो ओळखू आला नाही. मन पट्ट्यात गुंतलं होतं, म्हणून हळद दिसली नाही.

स्वयंपाकघरातून लिंबू आणलं. डब्याला लावलं नाही, पत्र्याला आंबट लावू नये एवढं भान होतं. बोळ्यावर दोन थेंब पिळले. जिथे थेंब पडला तिथून लाल ओसरत गेलं आणि खाली स्वच्छ पिवळं उरलं. दुसऱ्या कापसाचंही तेच झालं. पट्ट्याला धक्का लागला नव्हता. मी स्टुलावर बसले.

मग हळूहळू दुसरी गोष्ट ध्यानात आली. पट्टा सुटला नव्हता, म्हणजे पट्टा दिसलाही नव्हता. लाल आहे की निळा, ते सकाळी जितकं ठाऊक होतं तितकंच आताही ठाऊक होतं.

तेवढ्यात दार वाजलं. योगेश होता, गळ्यात कॅमेरा. टेबलावरची वाटी आणि बोळे बघून त्याला सगळं समजलं.

"पुसलात तर," तो म्हणाला. आवाजात चेष्टा नव्हती. "काय आहे?"

मी झालेलं सगळं सांगितलं. तो डाग भिंगाखाली धरून खूप वेळ बघत राहिला.

"बाई, हळद पातळ झालीय इथे. अजून चार हात फिरवले की पट्टा उघडा पडेल."

"नको."

"एक बोट जागा. फोटो काढतो आणि संपलं. साबण नको, गोडं तेल घेऊ, तेलाने रंग बदलणार नाही."

"योगेश, नको म्हटलं."

"एवढं केलंत ते केलंतच ना? आता अर्ध्यावर सोडण्यात कसला शब्द राहिलाय?" त्याने डबा डाव्या हातात घेतला होता. उजव्या हाताने फळीवरच्या गोड्या तेलाच्या बाटलीत नवा कापूस बुडवला. "हे बघा. नंतर वरून हळद लावून देऊ. म्हातारीला कळणारसुद्धा नाही."

ते शेवटचं वाक्य मला लागलं. मघाशी मी जे मनाशी म्हटलं होतं ते ह्याहून वेगळं नव्हतं, फक्त त्याने ते मोठ्याने म्हटलं.

कापूस डब्याला लागायला बोटभर अंतर उरलं होतं. मी झडप घातली असती तर डबा खाली पडला असता. खाली शहाबादी फरशी.

"योगेश," मी म्हणाले. वर्गात आवाज चढवायची मला सवय नव्हती, उलट उतरवायची होती. "हातातलं टेबलावर ठेव. आधी कापूस. मग डबा."

त्याने माझ्याकडे पाहिलं. छत्तीस वर्षांचा बाप्या, दोन मुलांचा बाप. क्षणभर त्याचा हात तसाच राहिला. मग त्याने कापूस वाटीत टाकला आणि डबा दोन्ही हातांनी खाली ठेवला.

"छापून जाईल बाई, असा डबा नाही म्हणून."

"जाऊ दे."

"तुम्हाला वाईट वाटेल."

"वाटेल."

तो चहा न घेता गेला. दारातली झेंडूची टोपली त्यानेच उचलून आत ठेवली.

खंडेनवमीला पहाटेची एसटी धरली. डबा त्याच फडक्यात बांधून मांडीवर धरला होता. चांदवडपर्यंत रस्ता बरा होता, पुढे खड्डे. दर धक्क्याला मी डबा उचलून धरत होते आणि नवसाबाईंना काय सांगायचं त्याची वाक्यं जुळवत होते. डाग वाळून वीटकरी झाला होता. पिवळ्यावर तो लांबूनही दिसत होता. न सांगता निभावणार नव्हतंच, पण डाग दिसला नसता तर मी काय केलं असतं, हा प्रश्न मनमाडचं स्टँड येईपर्यंत माझ्याबरोबर होता.

नवसाबाई अंगणात होत्या. आत पाट मांडलेला, इंजिन त्यावर, मागे डब्याएवढी जागा मोकळी.

"आली गं गाडी," त्या म्हणाल्या. "येळेवर हाय."

"आक्का, आधी ऐका." मी फडकं सोडलं. "मी पुसला. शब्द मोडला."

त्यांनी डबा घेतला आणि उजेडाला दारात नेला. डागावरून अंगठा फिरवला. शेजारी कुणीतरी ट्रक धूत होतं, त्या पाण्याचा आवाज येत होता.

"एवढाच?"

"एवढाच."

"हा तांबडा कशानं झाला?"

"साबणाने. हळदीला साबण लागला की ती लाल होते. डब्याला काही झालेलं नाही."

"ते ठाऊक हाय मला. लुगड्याला हळद लागली की धुताना हेच व्हतंय." त्या उंबऱ्यावर बसल्या. "पण पुसला कशापायी? काय पाह्यचं व्हतं?"

"खिडक्यांच्या खाली पट्टा आहे. तो लाल आहे का निळा, एवढंच."

नवसाबाईंनी वर बघितलं.

"लाल हाय."

मी हातातलं फडकं खाली ठेवलं.

"मला विचारायचं ना मग," त्या म्हणाल्या. "आठ दिस भिंग लावून बसली. तोंड नव्हतं का तुला?"

"तुम्हाला आठवत असेल असं वाटलं नाही."

"आठवायला काय झालं? भुसावळहून आणली. दुकानात दोन व्हत्या, निळी नि लाल. दुकानदार म्हणं निळी घ्या, सगळे निळीच घेत्यात. ह्यांनी लाल घेतली. मी आठ दिस बोलले नाय त्यांच्याशी. लाल दावली की गाडी उभी राहती, तुम्ही सांध्यावर काम करणारं माणूस, आणि लेकराला लाल पट्ट्याची गाडी आणता? ती चालायची कशी?" त्या थोडं हसल्या. "तर म्हणं, उभी राहिली म्हंजे मग मी घरी येतो."

मी पिशवीतून वही काढली. मोर छापची सगळी नोंद त्या वहीत आहे. प्रकार, रंग, कुठे मिळाला आणि शेवटचा रकाना, कसं कळलं. त्या रकान्यात अकराही ओळींत 'पाहिले' असं लिहिलेलं होतं. बाराव्या ओळीत मी लिहिलं, लाल पट्टा, मनमाड, नवसाबाई भिमाजी यांनी सांगितले. योगेश म्हणेल, ह्याला पुरावा म्हणत नाहीत. पुण्याचे गृहस्थ तर म्हणणारच.

"काय लिव्हलं?"

मी वाचून दाखवलं. त्यांनी मान डोलावली, आणि आतून हळदीची वाटी आणली, तेलात कालवलेली.

"आता तूच लाव. काढली तिथं लाव."

मी डबा हातात घेतला. दाराच्या उजेडात तो डाग, पातळ झालेली हळद आणि तिच्या आत कुठेतरी तो पट्टा. बोटाने जरा दाबून हळद फिरवली असती तर पट्ट्याची कड दिसली असती. नवसाबाई माझ्याकडे बघतही नव्हत्या, वाती वळत होत्या.

मी बोट वाटीत बुडवलं आणि हलक्या हाताने डाग झाकला. एकदा, मग परत एकदा. डबा इंजिनामागे नेऊन ठेवला. नवसाबाईंनी उरलेल्या तिन्ही बाजू माखल्या, इंजिनाला कुंकू लावलं, वर झेंडूचं फूल ठेवलं.

संध्याकाळी घरी पोरं वाट बघत होती. भाग्यश्रीने माझं पिवळं बोट पाहिलं आणि विचारलं, "बाई, रंग सापडला?" मी पाटी मागून घेतली, सगळ्यांना गोल बसवलं आणि पहिल्यापासून सांगायला लागले, साबणाच्या पाण्यासकट. दसरा उलटेपर्यंत त्या बोटाला मी साबण लावला नाही.